ती लांब आहे

१४ सप्टेंबर १९३७

डब्लिनहून खात्याचं परिपत्रक आलं, सोबत एक जाडजूड कोरी वही. पाचवी-सहावीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या, लिहून आणायच्या आणि त्यातल्या बऱ्या असतील त्या या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायच्या. टेकड्या, विहिरी, शापित झाडं, सगळं चालेल म्हणे. प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि वय हवंच हवं. अठ्ठावीस वर्षं मी या पोरांच्या डोक्यातून नॉकवार टेकडी बाहेर काढतोय, आणि आता सरकार सांगतंय, होती तिथे परत ठेवा.

मी इथे आलो त्या वर्षीची गोष्ट. एका पोराने भर वर्गात सांगितलं की त्याचा काका टेकडीचा आहे, वर पाळण्याचा दगड म्हणतात त्या दगडावर आजीला सापडला. मी पोट धरून हसलो. मग टेकडी मुलं देत नाही, कुणाच्या तरी घरातली लाज तिथे नेऊन ठेवलेली असते, असं सगळ्या वर्गाला नीट समजावून सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात टेकडीचं नाव कुणी काढलेलं नाही. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

माझी लेक इटा मात्र वही पाहून हरखली. बालवर्गाला गाणी शिकवते तशा आवाजात परिपत्रक दोनदा वाचून दाखवलं. वीस वर्षांची घोडी झाली, तरी गोष्ट म्हटली की हिचे डोळे मोठे. सकाळी तिने चहासुद्धा घेतला नाही. आठवडाभर असंच चाललंय. पित्त झालं असणार. सोड्याचं पाणी घे म्हणालो. बाहेर चांगलं ऊन, आणि ही ऑनरचा जुना मोठा कोट घालून शाळेत येते. आईची आठवण येत असेल. मलाही येते, पण मी म्हणून ऑनरची शाल घालून फळ्यापुढे उभा राहत नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

चर्चमधल्या मिस्सेवरून आलो. बटाटे उकडत होते. इटा दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, जरा बसा.

जानेवारीत मूल होणार आहे.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. माणसाचं नाव विचारलं, तिने सांगितलं नाही. तो उन्हाळ्यातच इंग्लंडला गेला, पत्र नाही, एवढंच. मी ओरडत होतो आणि ती कोटाची बटणं लावत होती, काढत होती. बटाटे तळाला लागले.

मग ती हळूच म्हणाली, “बाबा, टेकडीचं म्हणता येणार नाही का?”

इतकी शिकवली, घरात पुस्तकांची दोन कपाटं, आणि ऐन वेळी तोंडात काय, तर टेकडी. भीतीने डोकं ठिकाणावर राहिलं नसेल. मी तिला म्हणालो, निदान माझ्या घरात हे खूळ नको. 

संध्याकाळी फादर लोफ्टसकडे गेलो. शाळा त्यांच्या हाताखाली, त्यामुळे त्यांना सांगणं भागच होतं. ते रागावले नाहीत. हे पहिलंच नाही, मास्तर, म्हणाले. नन्सचं एक घर आहे, लांबच्या परगण्यात. तिथे सगळं होतं, मुलाचीही सोय लावतात, मुलगी वर्षा-दीड वर्षाने मोकळी. कुणाला कळत नाही. नाहीतर अशा घरातला माणूस शाळेत ठेवणं त्यांना जड जाईल. हे शेवटचं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

२ ऑक्टोबर, शनिवार

गाडी साडेदहाला आली. काळी, फादरांच्या ओळखीतल्या कुणाची. इटाकडे एक लहान बॅग. तिने बालवर्गाची हजेरी मला समजावून सांगितली, कोणत्या पोराला घरून दूध मिळत नाही, कोणाला ‘र’ म्हणता येत नाही. मी नुसता मान हलवत होतो.

गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मी धरला. गार होता. एवढ्यात वळणावर शेजारच्या मार्टिनची बायको दुधाचा कॅन घेऊन येताना दिसली, म्हणून मी हात सोडला आणि टोपी नीट केली. गाडी गेली. इटाने मागे पाहिलं की नाही मला माहीत नाही, कारण मी मार्टिनच्या बायकोला हवापाण्याबद्दल काहीतरी सांगत होतो.

दुपारी दुकानात चहापत्ती आणायला गेलो. चार बायका होत्या. इटा दिसली नाही सकाळपासून, एकीने विचारलं. उत्तर तयारच होतं, लांब आहे ती, मावशीकडे.  एकीने छातीवर क्रूस काढला, दुसरीने तराजूच्या लोखंडाला हात लावला. मावशीकडे जाण्यात क्रूस काढण्यासारखं काय आहे, देव जाणे. पण कुणी पुढे काही विचारलं नाही. फादर म्हणाले ते खरं, नीट सांभाळलं तर कुणाला कळत नाही.

९ नोव्हेंबर

वही भरत चालली आहे. मुलं उत्साहाने लिहून आणतात, आणि शुद्धलेखन असं की जीव जावा. लोणी चोरणाऱ्या म्हातारीच्या सहा गोष्टी, सहाही सारख्या.

आज सिबीकडे गेलो, चिमूटभर तंबाखू आणि पाव शेर चहा घेऊन. सिबी म्हणजे सहावीतल्या विनीची पणजी. वय शहाऐंशी. सगळ्यांना अरे-तुरे करते, फादरांनाही. मला वाटलं होतं ती मला दाराबाहेरच ठेवील, कारण अठ्ठावीस वर्षांत मी तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तिने चुलीजवळची खुर्ची दिली.

तिने टायगची गोष्ट सांगितली. टेकडीच्या पोटात राहतात म्हणतात ती अदृश्य मंडळी टायगच्या बायकोला घेऊन गेली. त्या बायकोचं नाव या भागात घेत नाहीत, म्हणून गोष्टीतही नाही. एका जाणत्या बाईने त्याला सांगितलं की हॅलोविनच्या रात्री मंडळी घोड्यांवर बसून टेकडी उतरतात, तेव्हा तिला ओढून काढ आणि काही झालं तरी सोडू नको. त्याने ओढलं. ती ईल मासा झाली, निसटायला लागली, त्याने धरून ठेवलं. तापलेला नांगराचा फाळ झाली, तळहात भाजले, तरी धरून ठेवलं. शेवटी ती तिच्या मूळ रूपात आली, केस मोकळे, अंगावर फक्त पांढरी शेमीज, आणि रडायला लागली. तेव्हा टायगने मान वर केली, तर रस्त्याच्या कडेला अर्धं गाव उभं. आणि त्याने तिला सोडलं.

मी म्हणालो, सिबी, इथे चूक होतेय. ही गोष्ट इतर ठिकाणी मी वाचली आहे. नवरा फाळाला घाबरून सोडतो.

ती म्हणाली, “फाळाला कोण घाबरतं, मास्तर? लोकांना घाबरतात.”

आणि माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. म्हातारीची आठवण आता गडबडते, हे उघड आहे. पण खात्याने जसंच्या तसं लिहा म्हटलंय, म्हणून तसंच उतरवलं. निघताना तिने विचारलं, पोरीचं काही कळलं का. बरी आहे म्हणालो. ती म्हणाली, पाळणा परत माळ्यावर टाकलाय, सांग तिला. मी बरं म्हटलं. कुठला पाळणा, कशाचा माळा, विचारत बसलो नाही.

२५ डिसेंबर

मिस्सा. हंस भाजायचा कुणासाठी, म्हणून अंडी उकडली. चहाला सवयीने दोन कप काढले. एक परत ठेवला.

ऑनर असती तर हे झालं नसतं. म्हणजे इटाचं ते झालंच असतं कदाचित, पण गाडी आली नसती. आज पहिल्यांदाच हे मनात आलं. आलं ते लिहून ठेवतो.

१७ जानेवारी १९३८

इटाचं पत्र. तिथे पत्रं नन्स वाचतात, म्हणून पाववाल्याच्या हातून चोरून टाकलंय. पेन्सिलीने लिहिलेलं.

सहा तारखेला मुलगी झाली. नाव ऑनर ठेवलं. ‘तिच्या डाव्या कानामागे आईसारखा तीळ आहे, बाबा. इथे थंडी फार आहे, आणि एका खोलीत चाळीस पाळणे. वडील स्वतः आले आणि सही केली तर दोघींना सोडतात, मी विचारून घेतलंय. संत ब्रिजिडच्या सणाच्या आत या. त्यानंतर इथे आजार येतो असं मुली म्हणतात.’

रडलो. भिंतीकडे तोंड करून रडलो, घरात कुणी नसताना. ऑनरच्या कानामागचा तीळ जगात दोनच माणसांना माहीत होता.

जायचं हे ठरलंच. पण ब्रिजिडच्या आत म्हणजे पंधरा दिवसांत. अकरा फेब्रुवारीला इन्स्पेक्टर येणार, वही पूर्ण हवी, बालवर्गही मीच बघतोय. आणि मूल घेऊन आलो की शाळा जाणार हे नक्की, मग निदान शेवटची तपासणी तरी नीट होऊ दे. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे, वाऱ्यावर कशी सोडू? फादरांशी कसं बोलायचं याचाही विचार करायला हवा. बारा तारखेला, शनिवारी, पहिल्या बसने निघतो. दहा-बारा दिवस इकडे तिकडे झाले म्हणून काय होतंय? उत्तर पाठवता येत नाही, नाहीतर तसं कळवलं असतं.

१ फेब्रुवारी

ब्रिजिडचा सण. मुलांनी लव्हाळ्याचे क्रूस करून आणले, एक माझ्या दारावर लावला. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. अकरा दिवस उरले.

११ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर आला, वही चाळली, परगण्यातली सर्वांत चांगली वही म्हणाला. फादर लोफ्टसनी पहिल्या पानावर न वाचता सही केली. दोघे जेवायला गेले. मी खूश होऊन शेवटची पानं बघत बसलो. विनीने काल रात्री घरी नेऊन शेवटचं पान भरलं होतं. ते मी वाचलं नव्हतं. इथे उतरवून ठेवतो.

‘आमच्या भागातून लांब गेलेली माणसं. लांब म्हणजे अमेरिकेत नाही. अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेलेल्यांना आम्ही पलीकडे आहेत म्हणतो. लांब म्हणजे मंडळींकडे. घरचं माणूस लांब आहे असं कुणी म्हणालं की लोखंडाला हात लावावा आणि पुढे विचारू नये. टायगची बायको लांब गेली. लाल मायकलचा मुलगा लग्नाच्या आदल्या दिवशी लांब गेला. मास्तरांची इटा ऑक्टोबर महिन्यात शनिवारी लांब गेली. मास्तरांनी स्वतः दुकानात सांगितलं. ती आम्हाला गाणी शिकवायची. काळी गाडी आली होती. कुणीतरी तिला धरून ठेवायला पाहिजे होतं, पण तिला आई नव्हती. तिला टेकडीने नेलं. सांगणारा: सगळेच.’

अठ्ठावीस वर्षं मी इथे राहिलो आणि या लोकांचा एक शब्द मला कळला नव्हता. मी तो शब्द त्यांच्या दुकानात उभं राहून वापरला, माझ्या मुलीसाठी.

वही काखेत मारून सिबीकडे गेलो. ती म्हणाली, ये, उशीर केलास. मी पान दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं.

“कुणाकुणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“रानफळांच्या रविवारपासून सगळ्यांना. आम्ही सगळ्या टेकडीवर फळं वेचत होतो. तुझी पोर वाकली की कमरेला हात लावायची.”

म्हणजे जुलैच्या शेवटापासून. मी कोटाकडे बघत पित्ताची औषधं सांगत होतो, त्याच्याही आधी. मी म्हणालो, मग एका तरी माणसाने माझ्याशी बोलायचं होतं.

“बोलायचं नसतं. टेकडीचं मूल म्हणजे तेच. घरातली एक बाई सकाळी झाकलेली टोपली घेऊन वर जाते, खाली येते ती मूल घेऊन. आपण त्याच्या जिभेवर मीठ ठेवतो, मुठीत अंडं देतो, आणि विचारत नाही. पोर घरातच राहते, तिचं मूलही घरातच राहतं. तुझ्या घरात बाई नाही, म्हणून मी जाणार होते. पाय चालत नाहीत तरी जाणार होते. सुनेने पाळणा माळ्यावरून काढला, धुतला, उन्हात ठेवला. तू येशील म्हणून वाट बघत बसलो. तू गाडी बोलावलीस.”

मी म्हणालो, फादरनी असल्या मुलाला बाप्तिस्मा दिला नसता. कायतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

“याच्या आधीच्या फादरने दिला. त्याच्या आधीच्याने दिला. मला कुणीतरी दिलाच ना? मी त्या दगडावरची आहे, मास्तर. तू नवा नवा आलास आणि त्या पोरांपुढे हसलास. ती पोरं घरी येऊन हसली. मग बायकांना टोपली घेऊन वर जायची लाज वाटायला लागली. गाडी त्यानंतर यायला लागली.”

त्या गाडीतून आणखी तीन मुली गेल्या, सिबीने नावं सांगितली. तिघी माझ्याच वर्गात शिकलेल्या. मला वाटायचं, इंग्लंडला गेल्या.

त्या रविवारी स्वयंपाकघरात इटा खुळ्यासारखं बोलत नव्हती. तिला रीत माहीत होती. ती मला वाट दाखवत होती आणि मी तिला सोड्याचं पाणी पाजणारा शहाणा.

सिबीने पेटीतून एक पांढरी लोकरी शाल काढून दिली. या शालीत मला खाली आणलं होतं म्हणाली, पोरीला गुंडाळून आण, थंडी आहे. पाळणा पुन्हा काढायला सांगते.

घरी येऊन फादरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिली. शाळेचं तुम्ही ठरवा, मी माझ्या मुलीला आणि नातीला आणायला जातोय. ‘नात’ हा शब्द पहिल्यांदाच लिहिला. चांगला दिसतो. आज बरं वाटतंय, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. पहिली बस सातला.

१३ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री परत आलो. आज मिस्सेला गेलो नाही. लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा कधी लिहिणार नाही.

बस, आगगाडी, पुन्हा बस. शाल मांडीवर. समोरच्या बाईने विचारलं, नातवंड का, मी हो म्हणालो आणि तीळ वगैरे सगळं सांगत सुटलो.

मोठी करडी इमारत, फाटकाजवळ घासलेल्या पायऱ्या. नन म्हणाली, इटा नावाचं इथे कुणी नाही.  पुन्हा पुन्हा सांगितल्यावर तिने रजिस्टर पाहिलं. अच्छा, बर्नडेट, म्हणाली. इथे आल्यावर सगळ्यांना नवीन नाव देतात. सही कुठे करायची ते दाखवलं. मी सही केली. एकाच नावापुढे करायची होती. मी विचारलं, दुसरं नाव? ती म्हणाली, मुलीशी बोला.

इटा बैठकीच्या खोलीत आली. केस कानाच्या वर कापलेले, हात सोललेले, धुण्याचे. मी इटा म्हणून हाक मारली तर लगेच वळली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वळली.

तिने शालीकडे पाहिलं. तिथेच मला कळलं, पण मी विचारलं, बाळ कुठे आहे.

“ब्रिजिडच्या दिवशी गेली,” इटा म्हणाली. “सकाळी. गोवर होता. त्या आठवड्यात सात गेली.”

मी म्हणालो, मला कुणी कळवलं नाही.

“मी कळवलं होतं, बाबा. ती जिवंत होती तेव्हा.”

ती रडली नाही. मीच रडत होतो, आणि दाराशी उभी असलेली नन घड्याळाकडे बघत होती. कुठे पुरलं विचारलं. मागच्या भिंतीपाशी, दगड लावत नाहीत, इटा म्हणाली. तिथे जाऊ देत नाहीत. माझ्या नातीला मी पाहिलं नाही. ती सव्वीस दिवस होती आणि त्यातले पंधरा दिवस मला ठाऊक असून मी शुद्धलेखन तपासत होतो.

घरी चल म्हणालो. सिबीचं, पाळण्याचं, रानफळांच्या रविवारचं, सगळं सांगितलं. आपल्याला कुणी काही म्हणणार नाही, कुणी कधीच म्हणणार नव्हतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, मला माहीत होतं, मी तुम्हाला विचारलं होतं.

ती तिथल्याच एका मुलीबरोबर त्याच रात्रीच्या बोटीने इंग्लंडला जाणार होती, दोघींना एका इस्पितळात कामं मिळाली होती. बाहेर पडायला तेवढी माझी सही हवी होती. ती झाली होती. स्टेशनपर्यंत दोघींबरोबर चाललो. वाटेत तिने शाल मागितली, गालाला लावली, घडी केली आणि परत दिली. सिबीला द्या, म्हणाली, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी विचारलं, पत्ता पाठवशील ना. तिने बॅग आगगाडीच्या डब्यात चढवली आणि खिडकीशी जाऊन बसली. मग मूर्खासारखं विचारलं, लोकांनी विचारलं तर काय सांगू?

“सांगा, ती लांब आहे.”

तिने खिडकीतून हात बाहेर काढला नाही. मीच आत हात घालून तिचा हात धरला. फलाटावर माणसं बघत होती, बघू देत म्हटलं. गाडी हलली तरी मी धरून चालत होतो. गार्ड ओरडला. तेव्हा तिने एकेक बोट करून स्वतःचा हात सोडवून घेतला.

१६ फेब्रुवारी

शाल सिबीला परत दिली. तिने काही विचारलं नाही. सुनेला हाक मारून एवढंच म्हणाली, पाळणा वर टाक. बराच वेळ तिच्या चुलीपाशी बसलो. ती पाईप ओढत होती. मला वाटलं, आता ती मला टायगबद्दल काहीतरी ऐकवील. तिने बटाटे वाढले.

फादरांचं उत्तर आलं. मूल आणलेलं नाही, तेव्हा चिठ्ठी मिळालीच नाही असं समजतो, शाळा तुमचीच. चांगला माणूस म्हणायला हवा. चिठ्ठी चुलीत टाकली.

१ मार्च

आज सगळ्या घरांत पॅनकेक, उद्यापासून ईस्टरपर्यंतचे उपास. मुलं दुपारीच पळाली. विनीला थांबवलं.

वही उद्या डब्लिनला जाणार. शेवटचं पान फाडून टाकावं हे मनात येऊन गेलं, नाही असं नाही. सुबक फाडता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. मी लाल शाई काढली आणि इतर पानं तपासतो तसं तेही पान तपासलं. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या सुधारल्या. मग ‘तिला टेकडीने नेलं’ या ओळीवर काट मारली आणि वर लिहिलं, ‘तिला बापाने दिलं.’

विनी टेबलाच्या कडेला नाक टेकून बघत होती. मास्तर, तेवढं चुकलं का माझं, म्हणाली. मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही, तुला सांगणाऱ्याला नीट माहीत नव्हतं. टेकडीने कधी कुणाला नेलं नाही, विनी. टेकडी देते. हे मी तुम्हाला शिकवायला हवं होतं.

ती माझ्याकडे घाबरून बघायला लागली. तिला पूर्ण गुण दिले आणि घरी पाठवलं.

फादरनी पहिल्या पानावर सही केलीच आहे, त्यामुळे आता वही कुणी अडवणार नाही. पुढेमागे वाचतील तेव्हा वाचतील. सर्वांत खाली विनीने ‘सांगणारा: सगळेच’ असं लिहिलं होतं. खात्याला असं चालत नाही, नाव आणि वय लागतं. तेही खोडून नीट भरलं.

सांगणारा: कॉर्मक टायर्नी, तिचा बाप. वय चौपन्न.

शाई वाळायला वही चुलीजवळ उघडी ठेवली आहे. पोस्ट सकाळी नऊला उघडतं.